तिकोनीचं तिसरं टोक

छबूबाईनं कांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसून मातीत बोट खुपसलं. एक पेर गेलं, दुसरं गेलं, तरी बोटाला ओल लागेना. लागण होऊन नऊ दिवस झाले होते. रोपं उभी होती, पण कुणाच्या घरी जेवायच्या वेळेला गेलेल्या आणि कुणी ताट न वाढलेल्या पाहुण्यासारखी, मान खाली घालून.

"रेश्मे, पाट बंद कधी व्हनार?" तिनं सुनेला विचारलं.

"सोमवारी, आत्याबाई. पाटकरी सांगून गेला."

आज शुक्रवार. पाट तर काठोकाठ भरून चालला होता. पौषातलं धुकं अजून त्याच्यावरून उठलं नव्हतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कुणी शेजारच्या खोलीत झोपेत बोलावं तसं. आणि ते ऐकत ऐकत इकडं रोपं वाळत होती.

या रानाला सगळे तिकोनी म्हणत. एका टोकाला छबूबाईचं वस्तीवरचं घर आणि दारातला निंब. दुसऱ्या टोकाला पाटावरची मोरी, म्हणजे गाडी जाईल एवढा लहान पूल. घरापासून मोरीपर्यंत गाडीवाट, सुतासारखी सरळ. मोरीपासून पुढं पाटाचा उंच भराव, तोही सरळ. आणि तिसरी बाजू म्हणजे घरापासून निघून लांब तिकडं पाटाला भिडणारा बांध. त्याच्या अलीकडं छबूबाई, पलीकडं तिचा पुतण्या बिभीषण. तो बांध आता घराजवळ वीस हात तेवढा शिल्लक होता. पुढचा दोन्हीकडच्या नांगरांनी खाल्ला होता, आणि त्याच्यावर बिभीषणाचा दीड पुरुष ऊस उभा होता.

बांध पाटाला जिथं भिडायचा तिथं हद्दीचा दगड होता. उन्हाळ्यात पाट उकरायला जेसीबी आला आणि गाळाबरोबर दगडही घेऊन गेला. छबूबाई म्हणायची, दगड बाभळीच्या बुडाशी होता. बिभीषणानं मात्र मोरीकडं सरकून एक नवा दगड रोवला आणि त्याला चुना फासला. या दोन जागांच्या मध्ये होतं चारीचं, म्हणजे पाटातून रानात पाणी नेणाऱ्या नालीचं, तोंड. गावाची रीत अशी, की चारीचं तोंड ज्याच्या हद्दीत, पाणी आधी त्याचं. बिभीषणानं तोंडाच्या दाराला कुलूप घातलं होतं.

छबूबाई उठली. गुडघे कटकन वाजले.

"कुटं निगाला?" रेश्मानं विचारलं.

"पुतन्याच्या पाया पडायला," छबूबाई म्हणाली, आणि पदर कमरेला खोचला. ती कुणाच्या पाया पडल्याचं रेश्मानं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. छबूबाईच्या तोंडाला लागण्यापेक्षा लोक चिखलातून वळसा घालून जात.

बिभीषण भरावावर उभा होता, हातात मोबाईल. खाली उसाच्या कडेला चार गडी बिड्या ओढत बसले होते.

"या काकी. हे बघा, उपग्रहानं काढलंय. ही हिरवी रेघ तुमची, ही तांबडी माजी. तोंड माज्यात येतंय."

"परवा तांबडी रेघ त्या बोरीपशी हुती म्हनं. आज हितं कशी आली? रेघेला पाय फुटले व्हय?"

"रेंज कमी-जास्त आसती, काकी."

"मंग त्या उपग्रहाला म्हनावं, खाली ये आन माती हातात घे."

गडी हसले. बिभीषणाला ते झोंबलं. "सरकारी मोजनीची तारीख होळीनंतरची हाय. तवर माजा ऊस भिजू द्या. कारखान्याची तोड मिळंना, उभ्या उभ्या वजन घटतंय. माजं आठ दिसांत उरकलं की तुमाला पानी."

"आठ दिसांनी पाटात बेडकं आसतील, पानी न्हाई."

"मंग तुमच्या वैजनाथला धाडा. बाईमानसाशी हद्दीचं काय बोलायचं?"

छबूबाईनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भरावाच्या ओल्या उतारावर तिचा पाय घसरला. ती पडली नाही, पण चपलेचा अंगठा तुटला. एक चपल हातात, एक पायात, अशी ती उतरली. मागं गड्यांचं हसणं ऐकू आलं. तिनं वळून पाहिलं नाही. पायातलीही चपल काढून हातात घेतली आणि अनवाणी, सावकाश, पाहुणीसारखी चालत घरी आली.

दुपारी निंबाखाली ती गोधडी घेऊन बसली. राग आला की ती शिवायला बसायची. सुईला टोचायला कापड मिळालं की माणसं वाचायची. ऊन उतरत्या अंगाचं होतं. उसाला तुरे आले होते आणि त्यांची पांढरी म्हातारी हवेत तरंगत येऊन गोधडीवर बसत होती. तिनं दोनदा झटकली. मग झटकायचं सोडून दिलं.

गोधडीत एक तिकोनी भोक होतं. त्याची दोन टोकं उघडी दिसत होती, तिसरं एका जुन्या ठिगळाखाली दडलेलं. वरचं ठिगळ उसवायचं नाही आणि खालचा तुकडा बरोबर बेतायचा. छबूबाईच्या हातानं कात्री घेतली. मन कुठंतरी पाटाच्या पाण्याबरोबर चाललं होतं. पापण्या जड झाल्या, आणि गोधडी लांबत गेली, रुंद होत गेली. वाफे म्हणजे टाकेच, एकाला एक लागून. गाडीवाट एक शिवण, पाट एक शिवण. आणि सासू समोर बसलेली, तोंडात दोरा, नाकातली नथ हलतीय.

"दोन टोकं दिसत्यात न्हवं?" सासू म्हणत होती. "मंग तिसरं दडून जातंय कुटं? कसलंबी तिकोन घे. लांबट घे, बुटकं घे, वाकडं घे. तिन्ही टोकं कापून शेजारी शेजारी ठिव. सरळ काठ हुतो. कमी न्हाई, जास्त न्हाई. दोन ठिव काठावर, उरल ते तिसरं."

"कायम?" नव्या नवरीनं, म्हणजे छबूबाईनंच, विचारलं होतं. शेजारी थोरली जाऊ पुष्पावती बसली होती. तिनं खाली मान घालून हसू दाबलं होतं.

"मानसासारकं न्हाई ते," सासू म्हणाली, "बदलाया."

छबूबाईचे डोळे उघडले. मांडीवर कात्री. निंबाची सावली पाऊलभर सरकलेली. तिनं गोधडीकडं पाहिलं, मग रानाकडं, मग पुन्हा गोधडीकडं. घराचं टोक दिसत होतं. मोरीचं टोक दिसत होतं.

"वैजनाथ!" तिनं हाक मारली. लेक टेम्पो धूत होता. "उद्या सकाळी निंबावर चढायचं. पार शेंड्यावर. माजं तांबडं लुगडं बांधायचं."

वैजनाथनं पाण्याचा पाईप खाली ठेवला. "कशापायी?"

"उसाच्या वर दिसाया पायजे."

तिनं समजावून सांगितलं, अर्धं हातानं, अर्धं कापडानं: दोन टोकं कापडावर उतरवून तिसरं काढायचं, ते घेऊन भरावावर चालायचं, आणि एक कड मोरीकडं धरून दुसरी जिथं लुगड्यावर जाईल, तिथं हद्द. वैजनाथला अर्धं कळलं. "आये, लोक हसतील."

"हसू दे. दात त्येंचे, कांदे माजे."

शनिवारी धुकं इतकं दाट होतं, की निंबावर चढलेला वैजनाथ कमरेपासून वर नव्हताच. वरून नुसता आवाज येत होता. "बांधलं, आये!" खाली छबूबाई आणि रेश्मा बांध-गाडीवाटेच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसल्या होत्या. कोपऱ्यात खुंटी ठोकली. एक सुतळी गाडीवाटेच्या कडेनं ताणली, दुसरी उरलेल्या वीस हात बांधाच्या कडेनं. सुतळ्यांच्या खाली धुतलेलं धोतर पसरलं, कोळशानं दोन रेघा ओढल्या, कात्रीनं पाचर कापून घेतली.

"हे घराचं टोक," छबूबाई म्हणाली. "हात लावू नकोस, पोरी. घडी पडंल."

मोरीवर तसंच. तिथं जागा रुंद होती, तुकडाही रुंद आला. मग ओट्यावर बसून तिनं आपल्या जुन्या नऊवारीचा काठ पसरला. काठावर एक खूण केली. एका बाजूनं घराचं टोक ठेवलं, दुसऱ्या बाजूनं मोरीचं, दोन्हींची अणकुची खुणेवर. मधे जागा उरली, अरुंद, चिमणीच्या उघड्या चोचीएवढी. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, बाहेर ऊन वर येत होतं, बिभीषणाचं पाणी उचलायचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज येत होता. तिनं घाईघाईनं त्या नऊवारीच्याच कापडातून तिसरा तुकडा कापला. तो पोळपाटावर ठेवला, दोन्ही कडा ताणून बसवल्या आणि बाभळीच्या काट्यांनी पोळपाटाच्या चिरेत टोचून टाकल्या.

"पोळपाट?" रेश्मा म्हणाली.

"घरात दुसरं सपाट काय हाय? तुज्या नवऱ्याचं डोकं?"

भरावावर दोघी चढल्या तेव्हा धुकं पातळ झालं होतं. खाली उसाचे तुरे पांढऱ्या पाण्यासारखे पसरलेले, आणि त्यांच्यावर लांब, निंबाच्या शेंड्यावर तांबडं लुगडं. वाऱ्यानं ते एकदा फुगायचं, एकदा विझायचं. छबूबाईनं पोळपाट मांडीवर घेतलं. कापडाची एक कड भरावाच्या रेघेत, मोरीकडं रोखून. दुसऱ्या कडेच्या रेघेवरून एक डोळा मिटून पाहिलं. लुगडं रेघेवर नव्हतं. ती उठली, दहा पावलं पुढं गेली, बसली. नव्हतं. असं उठत बसत ती चारीच्या तोंडावरून पुढं गेली, कुलपाकडं बघितलं नाही. लुगडं हळूहळू रेघेकडं येत होतं, आकाशात कुणी ओढत आणल्यासारखं. आणि बाभळीच्या बुडाशी बसल्यावर ते बरोबर रेघेवर येऊन थांबलं.

छबूबाईनं बोटानं मातीत खूण केली.

"आत्याबाई, हितंच?"

"हितंच. मी म्हनत हुते तितंच." आणि ती खाकरून थुंकली.

बातमी पसरायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बिभीषण आला, मागून गडी आले, वैजनाथही आला, मोरीवरनं जाणारे दोघं सायकलवाले उतरले.

"काकी पोळपाटानं हद्द मोजत्यात व्हय?" बिभीषण म्हणाला. "लाटन्यानं पाऊस पाडा आता."

"तुजा मोबाईल चार्जिंगला लाव आदी. माजं पोळपाट चुलीपशी चार्ज हुतं."

"पन हे मानायचं कुनी? कापडाच्या चिंधीवर?"

"तुजी आई मानंल!" छबूबाई कडाडली. "इचार जा तिला. एका सासूच्या हाताखाली शिवलंय आमी दोगींनी."

बोलून झालं आणि मग तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. बावीस वर्षं ती पुष्पावतीशी, बिभीषणाच्या आईशी, बोलली नव्हती. याच बाभळीखाली, पुष्पावतीच्या डोक्यावरची बाभळीच्याच वाळल्या फांद्यांची मोळी तिनं खाली पाडली होती, आणि खुरपायला आलेल्या सात बायांच्या देखत तिला चोरटी म्हणाली होती. पुष्पावतीनं मोळी तिथंच सोडली आणि निघून गेली. तेव्हापासून दोन घरांत एकाच कुळाचा देव, पण नैवेद्य वेगळा.

बिभीषण हसला. त्याला सोपं वाटलं. आई आपलीच की. तो तिला घेऊन आला.

पुष्पावतीचे डोळे आता दुधासारखे झाले होते. लेकाच्या कोपराला धरून ती भराव चढली आणि बाभळीच्या मुळावर बसली. छबूबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. पोळपाट तेवढं तिच्या मांडीवर ठेवलं. बाकीचे दोन तुकडे आणि काठ हातात दिले.

म्हातारीची बोटं चालायला लागली. आधी घराचं टोक, मग मोरीचं. कडा चाचपल्या. अणकुचीवर नख फिरवलं. गडी बघत होते, बिभीषण बघत होता, आणि कुणालाच काही कळत नव्हतं. छबूबाईला मात्र सगळं कळत होतं. आंधळ्या बाईला तिचं धोतराचं कापड आवडलं, हेही कळलं. मग बोटं पोळपाटावरच्या तिसऱ्या तुकड्यावर आली आणि थांबली.

"ह्ये कुनी कापलं?"

"मी."

"तिरक्या धाग्यावर कापलंस." आवाज बावीस वर्षांत बारीक झाला होता, पण तोच. "आन वर काटे मारून वढलंस. तिरका धागा वढ खातो, छबू. लांबला की अरुंद हुतो. सासूबाईंनी हातावर सुई टोचली आसती."

खरं होतं. हात बाभळीकडं ओढत होता, म्हणून कापड बाभळीकडं लांबलं होतं. टोक अरुंद झालं की जागा मोरीपासून लांब जाते, आणि ती लांबच जायला हवी होती तिला.

"म्हंजे चुकलं ना?" बिभीषण पुढं झाला. "म्हंजे माजाच दगड!"

"तू गप," पुष्पावती म्हणाली. "तुज्या बाजूनं बोलत न्हाई मी. कापडाच्या बाजूनं बोलतीया."

आता सगळे छबूबाईकडं बघायला लागले. ती म्हणू शकत होती, की आंधळीला काय कळतं धाग्यातलं. गड्यांना पटलं असतं. हसून पांगले असते. पोळपाट उचलून घरी जाता आलं असतं. नीट कापलं तर जागा मागं सरकणार. किती, ते देवाला माहीत. बाभळीपासून चारीचं तोंड पंधरा पावलं. सोळा सरकली, तर कांदा गेला.

तिनं एक काटा उपसला. मग दुसरा. कापड सैल झालं आणि आपोआप जरासं पसरलं. झोपेतल्या लेकरानं मूठ उघडावी तसं.

"रेश्मे, धोतराचा उरलेला तुकडा आन."

तुकडा आला. पुष्पावतीनं नखानं एक धागा उचलला आणि हळूच ओढून काढला. कापडात तिथं बारीक वाट पडली, सरळ. "ह्या वाटंवर एक कड धर," ती म्हणाली. छबूबाईनं धरली. काठ पुन्हा पसरला, दोन टोकं पुन्हा ठेवली, उरलेली जागा पुन्हा आखली. एकीनं धरायचं, दुसरीनं कापायचं. पुष्पावतीचा अंगठा कात्रीच्या पुढं पुढं सरकत होता आणि छबूबाईची कात्री त्याला न लागता मागं मागं जात होती. या वेळी काटे टोचले ते नुसते टेकवण्यापुरते.

छबूबाई बाभळीखाली बसली. लुगडं रेघेवर नव्हतं, मोरीकडच्या अंगाला होतं. ती उठली. एक पाऊल मागं. बसली. नव्हतं. दुसरं पाऊल. भरावाची माती तळव्याला थंड लागत होती. प्रत्येक पावलाबरोबर बाभळ लांब चालली होती आणि कुलूप जवळ येत होतं. चार. पाच. ऊन वर आलं होतं, उसाची म्हातारी उडायला लागली होती, पोळपाटावर येऊन बसत होती. ती फुंकर मारायची आणि पुन्हा बघायची. सात. आपण चालतोय का रानच पायाखालून ओढलं जातंय, हे तिला कळेना. आठ. मागून बिभीषणाच्या श्वासाचा आवाज येत होता. तो पुटपुटत पावलं मोजतोय, हेही तिला ऐकू येत होतं. नऊ. दहा. कुलपावरचा गंज दिसायला लागला.

अकराव्या पावलाला ती बसली. एक डोळा मिटला. लुगडं फुगलं, विझलं, आणि सरळ खाली लोंबलं. रेघेवर.

तिला विश्वास बसेना. ती उठून पुन्हा बसली. डोळा बदलला. मग सरकून बाजूला झाली.

"बिभीषना. तू बघ."

"मी कशाला?"

"माजं डोळं म्हातारं हायेत. तुजं उपग्रहासारकं."

तो पालथा पडला, हनुवटी मातीला टेकवून. पांढरा शर्ट भरावाच्या चिखलात. गडी हसले नाहीत.

"काय दिसतंय?" लांबून, बाभळीखालून, पुष्पावतीनं विचारलं.

"लुगडं," तो म्हणाला.

"कुटं?"

त्यानं मान वळवून कुलपाकडं पाहिलं. त्याच्या आणि चारीच्या तोंडाच्या मध्ये चार पावलं होती, आणि तोंड मोरीच्या बाजूला होतं. छबूबाईच्या बाजूला.

"रेघेवर हाय, आये."

वैजनाथनं खुंटी ठोकली. छबूबाई तिथं थांबली नाही. ती अकरा पावलं माघारी चालत बाभळीपाशी गेली आणि जावेसमोर उभी राहिली. बोलायचं होतं ते जिभेवर येऊन माघारी जात होतं. आयुष्यभर ज्या जिभेनं रस्ता दिला नव्हता, तीच आता वाट अडवून बसली होती.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "बाभळ तुमची निगाली."

"मला ठावं हुतं."

"मंग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"तू कुनाला बोलू दिलंस व्हय?"

छबूबाईच्या तोंडातून एक आवाज निघाला. रेश्माला वाटलं सासू रडतेय, आणि मग कळलं की हसतेय. मग पुन्हा काही कळेना. ती खाली वाकली आणि पुष्पावतीच्या पायांना हात लावला. पटकन, कुणी बघितलं नसेल अशा बेतानं. सगळ्यांनी बघितलं.

बिभीषणानं किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, दगडानं दोनदा ठोकावं लागलं. दार वर उचलल्यावर आधी नुसती हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. रेश्मा फावडं घेऊन चारीच्या कडेनं पळत सुटली, पाण्याच्या पुढं, वाटेतलं गवत ओढत. छबूबाई मागून गेली.

पहिल्या वाफ्याचं तोंड तिनं स्वतः मोडलं. पाण्याची जीभ आत शिरली, मातीच्या भेगांत उतरली, आणि माती चरचरली. रोपांच्या बुडाशी बुडबुडे यायला लागले. तिनं पाय तिथंच ठेवले. थंडी पोटऱ्यांतून वर चढत होती आणि तिला पाय काढावेसे वाटत नव्हते.

"छबू!" भरावावरून हाक आली. पुष्पावती तिथंच बसून होती, तोंड पाण्याच्या आवाजाकडं करून. "पोचलं का गं?"

"पोचलं!"

"भरला का?"

छबूबाईनं वाफ्याकडं पाहिलं. पाणी दुसऱ्या टोकाला टेकत होतं. तिनं फावड्यानं माती ओढून तोंड बुजवलं आणि पुढचं मोडलं.

"पयला भरला, बाई!" ती ओरडली.

भरावावरच्या म्हातारीनं मान हलवली. जरा वेळ गेला. ऊन वाफ्यांतल्या पाण्यावर पसरलं आणि सगळं रान हलकं होऊन जागेवरच तरंगायला लागलं.

"दुसरा, बाई! दुसराबी भरला!"